आत्याच्या घरी, आईच्या भेटीला

मी घर सोडलं त्या सकाळी आई हौदापाशी बसून तांब्या घासत होती. उजाडल्यापासून तोच एक तांब्या. राख संपली तरी हात चालूच होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो तिच्या हातातून काढून घेऊन पाहिला, तर ती रिकामे हात तसेच चोळत बसली. मग त्यांनी तांब्या परत दिला.

रेणापूर तालुक्यातलं आमचं गाव. सोयाबीन, तूर, एक बैलजोडी, पत्र्याचं घर. मी चौथीत होते. त्या वर्षी आईला बाळ झालं आणि ते जगलं नाही. त्यानंतर आधी तिची झोप गेली, मग जेवण, मग बोलणं. गावात कुणी बाहेरची बाधा म्हणालं, कुणी अंगारा आणून दिला. अण्णा भाकरी थापायला शिकले. माझ्या वेण्या घालायला काही त्यांना जमेना, म्हणून त्यांनी माझे केस कापून आणले. ते पाहून नांदेडच्या माझ्या आत्यानं ठरवलं की आता पोरीला इथं ठेवायचं नाही.

आत्या अण्णांची थोरली बहीण. अण्णा आणि आई दोघंही तिला अक्का म्हणायचे, आणि ती आईला नावानं, शोभा म्हणायची. ती न्यायला आली तेव्हा माझे कपडे एका पिशवीत मावले. अण्णा मला म्हणाले, "चार दिवस ऱ्हाऊन ये नांदेडला. सचिनदादा हाय खेळायला." मी आईजवळ गेले. म्हटलं, "आई, मी चालले." तिनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "उनात जाऊ नगं." इतकंच. कितीतरी दिवसांनी ती बोलली होती, म्हणून अण्णा रडायला लागले. मला मात्र वाटलं, नेहमीसारखं सांगतेय. मी "बरं" म्हणून जीपमध्ये बसले.

लातूरहून नांदेडची बस पकडली. अहमदपूर मागं पडलं तेव्हा आत्यानं पिशवीतून पेरू काढला, अर्धा मला दिला आणि म्हणाली, "वैशू, चार दिवस न्हाई बरं. तुझं नाव शाळेत घालायचंय. तू आता माज्याकडं राहनार हायस." मी विचारलं, "आई बरी होईपर्यंत?" ती म्हणाली, "ते मला ठाऊक न्हाई. ठाऊक नसताना कशाला सांगू?"

आज मागं वळून पाहते तेव्हा वाटतं, माझं पुढचं सगळं त्या बसमध्येच ठरलं. मोठी माणसं मला गोड बोलून फसवत होती आणि ही एक बाई खरं बोलत होती. मी रडले, पण तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले.

आत्याचं घर नांदेडच्या जुन्या वस्तीत, गोदावरीपासून चालत जाण्याइतकं जवळ. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, तिच्या शेजारी मिरची कांडायचं यंत्र, मागं दोन खोल्या. आत्याचे मिस्टर एका शाळेत क्लार्क होते; आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. गिरणी आत्याची. डोक्याला फडकं बांधून ती दिवसभर पिठात पांढरी झालेली असायची. गावाकडं पहाटे कोंबडा आरवायचा, इथं गिरणीचा पट्टा आरवायचा. गावाकडं दार उघडलं की शेत, इथं दार उघडलं की डबे घेऊन उभी असलेली माणसं. आत्याचा मुलगा सचिनदादा माझ्यापेक्षा मोठा. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, मिरचीच्या दिवशी या खोलीत श्वास घ्यायचा नसतो. ते शहरातलं माझं पहिलं शिक्षण.

शेजारच्या बायका डबे घेऊन यायच्या, मला पाहायच्या आणि हळहळायच्या. एक जण म्हणाली, "बिचारी, आईवाचून पोर." आत्यानं गिरणी बंद केली. म्हणाली, "आई हाय तिला. आजारी हाय. आजारी मानूस आसतंच की घरात." आणि गिरणी परत चालू केली. त्या गल्लीत पुन्हा मला कुणी बिचारी म्हटलं नाही.

अण्णांनी आईला लातूरच्या दवाखान्यात दाखवायला सुरुवात केली, तीसुद्धा आत्या मागं लागली म्हणून. महिन्यातून एकदा तिला तपासायला न्यावं लागे. आत्या एकदा एकटीच तिथं गेली आणि डॉक्टरीणबाईंना विचारून आली, पोरीला भेटायला आणू का. बाई म्हणाल्या, आणा, पण आईला काय झालंय ते आधी पोरीला नीट सांगा.

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा आत्यानं मला समोर बसवलं. "तुज्या मामाला शुगर हाय. रोज गोळी घेतेत का न्हाई?" मी मान हलवली. "तसं तुज्या आईला मनाचा आजार हाय. बाळ गेलं, ते तिला सोसलं न्हाई. तिला बी गोळी चालू हाय. गोळीनं ती हळू बोलंल, हात थरथरतील. ते औषधानं होतंय. तुज्यामुळं न्हाई, आन् तुज्यावर राग बी न्हाई." माझ्या मनात जे होतं, जे मी कुणालाच विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर तिनं न विचारता दिलं. मला वाटायचं, त्या सकाळी मी निघाले म्हणून आई अजून तांब्या घासत बसली असेल.

पहिली भेट काही चांगली झाली नाही. दवाखान्याच्या आवारात एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली आई आणि अण्णा बसले होते. आई सुजल्यासारखी दिसत होती. ओठ कोरडे. मी जवळ जाऊन बसले. आत्या म्हणाली, "मी पाणी घेऊन येते," आणि समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. पाणी तिच्या पिशवीतच होतं, हे मला नंतर कळलं. ती मुद्दाम लांब जायची, पण मला दिसेल अशा जागी बसायची.

आईनं माझ्या फ्रॉककडं पाहिलं. "ह्यो कुनी घेतला?"

"आत्यानं."

आईनं तोंड फिरवलं. बाकी सगळा वेळ ती रस्त्याकडं पाहत राहिली. मी शाळेचं सांगितलं, सचिनदादाचं सांगितलं, तिनं मान वळवली नाही. परतीच्या बसमध्ये मी आत्याला म्हटलं, "मी परत येणार नाही."

आत्यानं तिकिटं दुमडून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "बोलू नको तिच्याशी. हसू बी नको. रुसून बस. पर यायचं. रुसायला बी समोर मानूस लागतंय."

दुसऱ्या भेटीनंतर अण्णांचा फोन आला. फोन शेजारच्या किराणा दुकानात यायचा, मुलगा हाक मारायला पळत यायचा. आत्या बोलायला गेली, तिच्या मागं मी. अण्णांचा आवाज इतका मोठा होता की मला ऐकू येत होता. "अक्का, पोरीला आनू नको आता. भेटून आली की शोभा दोन दिवस जेवत न्हाई. रडून ऱ्हायलीय. लई तरास होतोय तिला."

आत्या म्हणाली, "रडून ऱ्हायली? मागं तर रडत बी नव्हती. पोरगी हाय ती तिची, तरास होनारच. झाला नसता तर मी घाबरले असते."

"तुला काय जातंय म्हनायला. निस्तरायला मी हाय हितं."

"मंग मी येऊन निस्तरते. पर भेट बंद करायची न्हाई."

तिनं खरंच केलं तसं. पुढच्या भेटीनंतर गिरणीला कुलूप लावून ती माझ्यासकट गावी गेली आणि आईजवळ राहिली. आई रडली की तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसायची. मी अंगणात अण्णांबरोबर शेंगा फोडायचे. मला ते घर आपलं वाटत होतं आणि नव्हतंही. माझी पाटी ठेवायची जागा तशीच रिकामी होती, पण माझं दप्तर नांदेडला होतं. तिसऱ्या दिवशी आई उठली, आत्याला म्हणाली, "अक्का, च्या ठिवू का?" आणि चूल पेटवली. अण्णांनी त्यानंतर भेटी बंद करायची भाषा काढली नाही.

माझे केस तोवर वाढले होते. एकदा लिंबाखाली आत्यानं पिशवीतून कंगवा आणि रिबिनी काढल्या आणि आईच्या हातात दिल्या. "शोभा, हिची येनी घाल गं. माझं बोट कापलंय." आत्याच्या बोटाला काही झालेलं नव्हतं. आईचे हात थरथरत होते. भांग वाकडा पडला, एक वेणी वर आणि एक खाली बांधली गेली. पण घालताना ती माझ्या केसांतून पुन्हापुन्हा हात फिरवत होती, आणि एकदा तिनं ऊ शोधल्यासारखं केलं. घरी असताना करायची तसंच. मी अजिबात हलले नाही.

नांदेडला पोचल्यावर सचिनदादा माझ्याकडं पाहून खो खो हसला. मी आत्याला म्हटलं, "उद्या शाळेत कशी जाऊ?" ती म्हणाली, "हीच घेऊन जा. कुनी इचारलं तर सांग, आईनं घातलीय." मी गेले. एकीनं विचारलं, मी सांगितलं. आईनं घातलीय, हे वाक्य वर्गात म्हणताना मला किती बरं वाटलं ते आजही आठवतं.

असं वर्षानुवर्षं चाललं. कधी बस फेल, कधी परीक्षा, कधी आईची तब्येत पुन्हा बिघडायची आणि ती ओळख न दाखवता बसून राहायची. पण भेट सहसा चुकली नाही. हळूहळू तिच्या गोळ्या कमी झाल्या. ती गावाकडून काहीतरी आणू लागली, ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याचा डहाळा. आत्याच्या घरी कशाची कमी नव्हती, तरी ती आईला सांगायची, "पुढच्या बारीला चटनी जास्त आन गं, हिला माज्या हातची आवडत न्हाई." भेट झाली की आम्ही तिघी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत जायचो. आई माझ्यासाठी बांगड्या निवडायची, आत्या भाव करायची. आई फार न बोलता चालायची, पण रस्ता ओलांडताना माझा हात धरायची. मी सातवी-आठवीत गेले, तिच्या खांद्याला लागले, तरी धरायची.

नववीची परीक्षा झाली आणि एक दिवस आई आणि अण्णा दोघंही नांदेडला दारात उभे राहिले. आई पहिल्यांदाच त्या घरी आली होती. नवीन लुगडं, केसांना तेल, हातात रिकामी बॅग. गिरणीत मिरची चालू होती. आई शिंकली, आणि शिंकतच म्हणाली, "अक्का, वैशूला न्यायला आलोय. आता मी बरी हाय."

आत्यानं यंत्र बंद केलं. मामांनी खुर्च्या दिल्या. मी कोपऱ्यात उभी. माझी दहावी होती, नांदेडला शाळा, शिकवणी, मैत्रिणी. आणि आई, जिच्यासाठी मी इतकी वर्षं लातूरला जात होते, ती न्यायला आली होती.

आत्या खाली बसली. फडकं सोडून तिनं तोंड पुसलं. "शोभा, तुजी पोरगी हाय. ती येते म्हनली तर मी आडवी येनार न्हाई. पर न्हाई म्हनली, तर तुमी बी आडवं येऊ नका."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं मी रडेन, पण आवाज स्वच्छ निघाला. "मला इथंच राहायचंय. पण आईला भेटायचं मी बंद करणार नाही."

आई म्हणाली, "भेटायला मी काय पाव्हनी हाय का?"

अण्णा म्हणाले, "चल शोभा." ती उठेना. आत्या म्हणाली, "शोभा, तू आठ दिवस ऱ्हा हितं. पोरगी काय करती, कशी ऱ्हाती, बघ तरी. मंग आपन बोलू."

अण्णा शेताचं पाहायला परत गेले, आई राहिली. पहिले दोन दिवस ती माझ्या मागं सावलीसारखी फिरली. सकाळी शिकवणीला निघाले की गल्लीच्या टोकापर्यंत यायची. माझी पुस्तकं उघडून पाहायची, तिला वाचता येत होतं, पण इंग्रजीवरून नुसता हात फिरवायची. मग ती गिरणीत बसू लागली. कुणाचा डबा कोणता, हे तिला लवकर कळलं.

एक दिवस माझं आणि आत्याचं कडाक्याचं भांडण झालं. मला मैत्रिणींबरोबर सहलीला जायचं होतं, आत्या नको म्हणत होती. मी तोंडाला येईल ते बोलले, पाय आपटले, "तुला काही कळत नाही" म्हटलं. आत्यानंही मला चार शब्द सुनावले. मग मी जेवले नाही, मग आत्या जेवली नाही, मग तिनं ताट माझ्यासमोर आदळलं आणि मी जेवले. आई दारात उभी राहून सगळं पाहत होती. मला कळलं, ती काय पाहतेय ते. लातूरच्या लिंबाखाली मी तिच्यासमोर कधी पाय आपटला नव्हता. तिथं मी शहाण्यासारखी वागायचे.

आठ दिवस संपले त्या सकाळी स्वयंपाकघरात दोघी भाकरी करत होत्या. मी आत वेणी घालत होते. आईचा आवाज आला, "अक्का, तिला ऱ्हाऊ द्या हितंच. मूळ धरलंय हितं तिनं. उपटून नेलं तर मला बी लाभनार न्हाई."

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला.

"पर एक हाय," आई म्हणाली. "आता लातूरला न्हाई भेटायचं. दवाखान्याच्या झाडाखाली लई झालं. आता मी हितं येनार. एकटी."

न्यायला आलेल्या अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते दचकले. "एकटी?"

"एकटी," आई म्हणाली. रिकामी बॅग तिनं परत नेली नाही. पुढच्या मुक्कामासाठी आपलं एक लुगडं तिच्यात घालून ती आत्याच्या कपाटावर ठेवली.

आई तोवर एकटी कधी रेणापूरच्या बाजारालाही गेलेली नव्हती. पावसाळ्यात एका रविवारी अण्णांनी तिला लातूरला नांदेडच्या बसमध्ये बसवून दिलं. बस दुपारपर्यंत पोचायला हवी होती. दुपार झाली, बस आली नाही. मामा स्टँडवर जाऊन आले. वाटेतल्या लोहा गावाच्या अलीकडं एक गाडी बंद पडलीय, माणसं मिळेल त्या वाहनानं पुढं गेलीत, इतकंच कळलं. आईजवळ मोबाइल नव्हता. अण्णांचा आत्याच्या मोबाइलवर सारखा फोन. "मी म्हनलो होतो. मी म्हनलो होतो का न्हाई? गोळी बी दुपारची ऱ्हायली असंल तिची." आत्यानं दिवसभर गिरणी लावली नाही. तिच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. मी तिला म्हटलं, "आत्या, ती येईल." ती म्हणाली, "मीच हट्ट केला सगळ्याचा. तिला काय झालं तर तुज्या बापाला मी काय तोंड दाखवू?" आत्याला घाबरलेलं पाहण्याची माझी ती पहिली वेळ, आणि त्या दिवशी तिला धीर देणारी मी होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गल्लीत रिक्षा वळली. आई उतरली. चिखलानं पाय भरलेले, काखेत धपाट्यांचं गाठोडं. आम्ही सगळे रस्त्यावर धावलो. ती म्हणाली, "काय झालं? कुनी आजारी हाय का?"

मग तिनं सांगितलं. गाडी बंद पडली, एका टेम्पोवाल्यानं बायकांना घेतलं. तिच्याबरोबर एक म्हातारी होती, लेकाकडं नांदेडला निघालेली, भेदरून गेलेली. पत्ता सांगता येईना. "त्यांना एकटं कसं सोडायचं? इचारत इचारत त्यांच्या लेकाचं घर हुडकलं, त्यांना पोचवलं, मंग आले. म्हनून उशीर झाला. गोळी टेम्पोतच घेतली."

आत्या उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. आईनं तो आत्याच्या हातातून घेतला. "पोचले. तुमी जेवून घ्या. भाकरी टोपल्यात हायत." आणि फोन कसा बंद करायचा ते कळेना म्हणून तसाच माझ्या हातात दिला. पलीकडून अण्णा "हालो, हालो" करत होते.

त्यानंतर मी दहावी झाले, बारावी झाले, लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. लग्न झालं, नवरा उदगीरचा, नोकरी हैदराबादला. घर सोडायची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी एक पिशवी होती, या वेळी नांदेडच्या स्टेशनवर इतकं सामान की हमाल वैतागला. आईनं चटणीचा डबा दिला, आत्यानं तिखटाचा, आणि कोणता डबा वर ठेवायचा यावरून दोघींची गाडी हलेपर्यंत जुंपली होती. रडायला कुणाला वेळच मिळाला नाही.

हैदराबादला मला फार परकं वाटलं नाही. लॅबमध्ये सगळे मला मॅडम म्हणतात, मजल्यावरच्या अम्मा तेलुगूत बोलतात, मी अर्धं समजते आणि अर्ध्याला मान हलवते. भाजीवाला "कायकू परेशान होते" म्हणतो तेव्हा नांदेडच्या इतवाऱ्याच्या बाजारात उभी असल्यासारखं वाटतं. फ्लॅटला गॅलरी आहे, लिफ्ट आहे, पिठाची पिशवी आहे. चक्कीवरचं गरम पीठ नाही. ज्वारी इथंही मिळते, पण मी भाकरी थापायला बसले की अण्णा आठवतात, पहिल्यांदा भाकरी थापताना हाताला पीठ चिकटलं म्हणून हात झटकत उभे राहिलेले.

लॅबमधली एक मैत्रीण तिच्या धाकट्या भावाच्या मुलीला सांभाळते. भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात आहे. परवा ती मला विचारत होती, पोरीला त्याच्याशी बोलू द्यावं का, बोलली की दोन दिवस अस्वस्थ असते. मी तिला माझ्या आत्याचं सांगितलं. पोरीला खरं काय ते सांग. भेटवशील तेव्हा तू तिला दिसशील अशी बस. बापाला रिकाम्या हातानं येऊ देऊ नकोस, त्याच्याकडून काहीतरी मागून घे, चॉकलेट का होईना. आणि पोरगी रडली म्हणून भेट तोडू नकोस. माझ्या आत्यानं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण माझी आई माझ्यासाठी जिवंत ठेवायची हे तिनं ठरवलेलं होतं, आणि ठरवलेलं ती करायची. ज्यांच्या घरी दुसऱ्याचं लेकरू वाढतंय त्यांना, आणि माझ्यासारखी जी लेकरं दुसऱ्या घरी वाढून आता कुठं कुठं पांगलीत त्यांनाही, मला एवढंच सांगायचं आहे. मला आई दोन होत्या असं लोक प्रेमानं म्हणतात. ते खरं नाही. आई एकच होती आणि आत्या एकच होती. दोघींनी आपापली जागा सोडली नाही, म्हणून मला दोन्ही मिळाल्या.

आता घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी पटकन उत्तर देत नाही. अण्णा गावी आहेत, शेत कसतात. मामा निवृत्त झाले, गिरणी सचिनदादाकडं आहे. गेल्या वर्षी आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी रजा टाकायच्या तयारीत होते, तोवर आईचा फोन आला, "तू ये सावकाश. मी हाय अक्कापाशी." ती महिनाभर राहिली. आत्याला उठवणं, बसवणं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून घेणं. आत्या कुरकुरली की आई म्हणायची, "रडा खुशाल, पर पाय उचला."

मागच्या मंगळवारी मी सकाळपासून आईला फोन लावत होते. उचलेना. आत्याला लावला, तीही उचलेना. जुनी भीती अंगात असतेच. शेवटी अण्णांना लावला. ते शेतात होते, निवांत. "त्या व्हय? दोघी माहूरला गेल्यात, देवीला. कालच गेल्या नांदेडहून. तुला सांगितलं न्हाई?"

नाही सांगितलं. मला क्षणभर राग आला. इतकी वर्षं या दोघी भेटत होत्या त्या माझ्यासाठी, मधे मी बसलेली असायचे. मग एकटीच गॅलरीत उभी राहून मी हसायला लागले. पलीकडच्या अम्मांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, घरचे फिरायला गेलेत.

दुपारी आईचा फोन आला. मागं घंटा, माणसांचा गलका, वारा. मी म्हटलं, "अगं सांगायचं तरी, मलाही यायचं होतं."

"तू ये की पुढच्या बारीला," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "आता फोन ठिव. आमी पायऱ्या चढून राहिलोय, अक्काचा हात धरलाय मी."